एकवीस सेकंदांची हाळी

सेनगावच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानावरच्या खोलीत प्रभूचा कॉम्प्युटर क्लास होता. पाच कॉम्प्युटर, त्यांतले तीन चालणारे. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि आता कॉम्प्युटरशिवाय नोकरी नाही, असं कुणीतरी उठवून दिल्यामुळे पोरं येत होती. प्रभू त्यांना टायपिंग शिकवायचा. स्वतः तो खरा प्रोग्रामर. पुण्यात दोन वर्षं एका लहानशा कंपनीत होता. कंपनीने एका सोमवारी गाशा गुंडाळला आणि हा गरोदर बायकोला, सत्यशीलाला, घेऊन गावी आला. लेकरू आता वर्षाचं झालं होतं. सुकन्या. प्रभू सुट्टीवर आलाय, असं गावाने सुरुवातीला समजून घेतलं होतं. नंतर विचारायचं सोडून दिलं.

दुपारी पोरं जेवायला गेली की प्रभू फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावायचा. मोडेम किंचाळायचं, खरखरायचं, आणि एकदाचं गप्प झालं की जग उघडायचं. प्रोग्रामर लोकांचा एक फोरम होता. कुठे नवी भाषा निघाली, कुठल्या कंपनीचं दिवाळं वाजलं, मंगळाकडे निघालेलं यान कुठवर पोचलं, असल्या बातम्या जगभरचे लोक तिथे आणून टाकत आणि मग त्यांवर यथेच्छ भांडत. ते वाचताना आपण जगाच्या ओट्यावर बसलोय, असं प्रभूला वाटायचं. एकदा त्याने कुणाची तरी चूक दाखवून दिली तर कॅनडातल्या माणसाने आभार मानले. त्या दिवशी त्याने घरी जाताना पेढे नेले होते आणि कशाचे ते कुणाला सांगितलं नव्हतं.

असंच एकदा त्याने वाचलं की नॉर्वेतल्या तीन पोरांनी एक कंपनी काढली आहे. माणूस जनावरांना कशी हाक मारतो, ते त्यांना कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. घोड्याची हाक, रेनडिअरची हाक, कोंबड्यांची हाक. जगातून कुणीही पाठवावी. त्यांच्या पानावर त्यांच्या ऑफिसचा फोटो होता. लाकडी घर, भोवती काळपट, सुईसारख्या पानांची उंच झाडं, आणि दारात हसत उभे तिघे. त्यांतला एरिक नावाचा फोरमवर सगळ्यांना उत्तरं द्यायचा.

प्रभूचा बाप मसाजी मेंढपाळ होता. रिसोड रस्त्याला वस्ती, सव्वाशे मेंढरं. त्याच्या हाळीला पंचक्रोशीत तोड नव्हती. दिवस कलताना तो बांधावर उभा राहायचा आणि तोंडाला हात न लावता गळ्याच्या तळातून एक आवाज काढायचा. आवाज आधी खाली असायचा, मग चढत जायचा आणि वर पोचल्यावर काडी मोडावी तसा मोडायचा. ओढ्यापलीकडे चरणारी मेंढरं मान वर करत आणि चालू लागत. दुसऱ्या कुणी कितीही घसा फोडला तरी ती ढिम्म हलत नसत. दर घराची हाळी वेगळी असते आणि बाप ती पोराला कळप सोपवताना एकदाच शिकवतो. प्रभूला कुणी शिकवली नव्हती. त्याला कळप नको होता.

पण पाठवायला तरी आपल्याकडे काहीतरी आहे, याचा त्याला आनंद झाला. त्याने टेपरेकॉर्डर वस्तीवर नेला. आई, सिंधूबाई, वाघूर लावत होती, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मसाजीने टेपकडे बघितलंसुद्धा नाही. रोजच्यासारखं सुकन्याला कडेवर घेऊन हाळी दिली.

रेकॉर्डिंग अडतीस सेकंदांचं निघालं. एकवीस सेकंद हाळी. मग खुरांची खसखस. मग अगदी शेवटी मसाजी काहीतरी हलकं पुटपुटला होता, म्हातारं माणूस स्वतःशी बोलतं तसं. फाइल पाठवताना लाइन दोनदा तुटली. तेव्हा प्रभूने एकविसाव्या सेकंदाला रेघ मारून पुढचं सगळं छाटून टाकलं. कामाचं तेवढं ठेवायचं, हेच तर तो शिकला होता. फाइल हलकी झाली आणि तिसऱ्यांदा गेली. कॅसेटवर त्याने दुसऱ्या दिवशी टायपिंगचं डिक्टेशन भरलं.

हाळी लोकांना आवडली. एरिकच्या पानावर प्रत्येक आवाजासमोर तो कधी, कुठे वाजवला गेला त्याची यादी दिसायची. आठवड्यात हाळी दोनशे वेळा वाजली. फोरमवर कुणी लिहिलं की हाळी वाजली आणि माझं कुत्रं दाराशी जाऊन बसलं. दुसऱ्याने लिहिलं, आमचंही, आणि ते अजून उठलेलं नाही. प्रभूने हे सत्यशीलाला वाचून दाखवलं. दोघं बराच वेळ हसले.

त्याच आठवड्यात मसाजी न्याहारी करता करता थांबला. हातातला घास ताटात ठेवला, मान रिसोडच्या अंगाला वळवली आणि अर्धवट उठला.

"कोन आलंय?" प्रभूने विचारलं.

"कोनी न्हाई." मसाजी परत बसला. पण त्याने तो घास खाल्ला नाही.

"मंगळवारपासून असंच करून राहिले," सिंधूबाई चुलीपाशी म्हणाली. "बसले बसले उठतेत. इचारलं तं न्हाई म्हनतेत."

संध्याकाळी त्याने हाळी दिली तर एकाही मेंढराने मान वर केली नाही. त्याने पुन्हा दिली. मेंढरं चरत राहिली. त्यांची तोंडं मात्र सगळी रिसोडच्या अंगाला होती. शेवटी सिंधूबाईने आणि प्रभूने काठी घेऊन ती हाकून आणली. मसाजी बांधावर तसाच उभा होता. इतका कानकोंडा झालेला बाप प्रभूने कधी पाहिला नव्हता.

प्रभू त्याला हिंगोलीला घेऊन गेला. डॉक्टरांनी कान तपासले, रक्त तपासलं, वयाचा दोष म्हणाले आणि गोळ्या दिल्या. परतताना एसटीत मसाजी चार वेळा उठला. चारही वेळा कंडक्टर म्हणाला, "मामा, तुमचं गाव आलं न्हाई."

प्रभूने घड्याळ बघून त्या चार वेळा तिकिटाच्या मागे लिहून ठेवल्या. का लिहिल्या, ते त्याला सांगता आलं नसतं. सवय असते एकेकाची. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये एरिकचं पान उघडल्यावर त्याला त्याच चार वेळा यादीत दिसल्या. फरक फक्त साडेचार तासांचा. हिवाळ्यात तेवढाच फरक नॉर्वेच्या आणि आपल्या घड्याळात असतो.

योगायोग, असं तो स्वतःशी म्हणाला. चार म्हणजे काही पुरावा नव्हे. खालच्या खताच्या दुकानात रेडिओ लावलेला असायचा आणि वस्तीवर आईही तोच रेडिओ ऐकायची. दुपारच्या बातम्या सुरू झाल्या त्या क्षणी प्रभूने हाळी एकदा वाजवली. शेतीचे भाव सुरू झाले तेव्हा आणखी एकदा. मग संध्याकाळी घरी जाऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुपारी उठले दोनदा," सिंधूबाई म्हणाली. "एकदा बातम्या लागल्या बराबर. अन् एकदा त्यो भाव सांगनारा बोलाया लागला तवा."

मसाजी खाटेवर बसला होता. प्रभू त्याच्या पायाशी जाऊन बसला.

"आबा, तुमची हाळी मी टेपात घेतली व्हती. ती तिकडं परदेशात लोकं ऐकून राहिले."

"किती लोकं?"

"चारशेच्या वर झाले असतील."

मसाजीने थोडा वेळ आपली बोटं दाबली. "अन् बसवली का?"

"काय बसवली?"

"हाळी दिली की मागून बसती हाळी द्यावी लागती. बैस म्हनावं लागतं. आलेल्याला बैस म्हनलं न्हाई तर ते उभंच राहतं. ती हाय का तुझ्या टेपात?"

प्रभूला शेवटचं ते पुटपुटणं आठवलं. त्याने खाली मान घालून सांगितलं, "व्हती. मी काढून टाकली. जागा लई लागत व्हती."

मसाजी रागावला नाही. रागावला असता तर प्रभूला बरं वाटलं असतं.

"म्हनून मेंढरं ऐकून नाय राहिली," तो म्हणाला. "त्येंचंबी बराबर हाय. मी हितून कुठं बोलवून राहिलो? मी तिकडून बोलवून राहिलो." मग म्हणाला, "चारशे डाव बोलावलं मला, अन् एक डावबी बैस म्हनलं न्हाई."

प्रभूने रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी क्लास उघडल्याबरोबर एरिकला लिहिलं की फाइल काढून टाका, घरगुती अडचण आहे. एरिक भला माणूस होता. त्याने काही न विचारता तासाभरात ती काढली, आणि लिहिलं की क्षमा करा, पण लोकांनी तिच्या प्रती करून आपापल्या पानांवर ठेवल्या आहेत; त्यांवर माझा इलाज नाही. इंटरनेटवर टाकलेली वस्तू परत मागता येत नाही, हे वाक्य प्रभूच दर बॅचला फळ्यावर लिहून द्यायचा.

तेव्हा त्याने ती चूक केली, जी फक्त फोरमवर जीव टाकणारा माणूसच करू शकतो. त्याने फोरमवर सगळं खरं लिहिलं. वेळा दिल्या, तक्ता दिला, बापाचं वय दिलं, आणि हात जोडून विनंती केली की कृपा करून ही हाळी कुणी वाजवू नका. त्याला मनापासून वाटलं की ही आपली माणसं आहेत, पुराव्याला मानणारी आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं लिखाण फोरमवर सगळ्यांत वर होतं. इतकं वर सेनगावातून कुणी कधी गेलं नसेल. खाली नऊशे उत्तरं. एकाने म्हटलं होतं, एका बापावरून निष्कर्ष काढता येत नाही, नमुना फार लहान आहे. एकाने म्हटलं, खोटं आहे, पण छान लिहिलंय. बाकीच्यांनी एवढंच लिहिलं होतं की प्रयोग म्हणून आत्ताच वाजवून पाहिली. ब्राझील. जपान. टेक्सास. पुणेसुद्धा. एका पानावर हाळी वाजवल्याचा आकडा होता, एकतीस हजार.

प्रभूने क्लासला कुलूपही लावलं नाही. सायकल हाणत वस्तीवर आला.

मसाजी रस्त्यावर होता. डोक्याला पटका नाही, पायात वहाण नाही, एका संथ चालीने रिसोडच्या अंगाला चालला होता. सिंधूबाई त्याचा सदरा धरून मागे ओढली जात होती. मेंढरं दोघांच्या मागे, ओळीने, आवाज न करता.

"आबा, बसा," प्रभू म्हणाला.

"बसतो की," मसाजी म्हणाला, आणि चालत राहिला.

शेजारच्या शेतातून अमृतराव आणि त्याचे दोन गडी आले. चौघांनी मिळून सत्तर वर्षांच्या माणसाला उचललं, खाटेवर निजवलं आणि मेंढरांच्या जाळीच्या दोरीने बांधलं. मसाजीने जराही जोर केला नाही. तो आढ्याकडे बघत होता आणि त्याचे पाय चालत होते. आडवे, हवेत, एकापुढे एक.

प्रभूने टेपरेकॉर्डर आणला. "आबा, बसती हाळी द्या. एकदाच द्या. मी ती पाठवतो."

मसाजीने प्रयत्न केला. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली. टेप परत वाजवली तेव्हा तीत एका मेंढीच्या गळ्यातली घंटा होती, सिंधूबाईचा खोकला होता, खाटेची करकर होती. मधे त्याचा आवाज हवा होता, तिथे काही नव्हतं.

"गळा तिकडं हाय," मसाजी म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही.

सिंधूबाईने ती हाळी चाळीस वर्षं ऐकली होती. तिने ती प्रभूच्या कानात हळूच म्हणून दाखवली. तीन शब्द आणि एक लांबलेला हुंकार, बस. प्रभूने ती पाठ केली, आपल्या आवाजात भरली, सेनगावला जाऊन पाठवली आणि खाली लिहिलं की ही पहिल्या हाळीच्या मागे जोडा. संध्याकाळपर्यंत सहा उत्तरं आली. सहाही जणांचं म्हणणं एकच होतं. फाइलमध्ये नुसता वारा आहे.

पाय तीन दिवस चालले.

पहिल्या दिवशी तळव्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. पाय कशालाही टेकत नव्हते. सिंधूबाई हळद लावायची, फडकं बांधायची आणि फडकं तासाभरात झिजून सुटायचं. हिंगोलीहून डॉक्टर गाडी करून आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, बराच वेळ पायांकडे बघत उभे राहिले आणि फी न घेता गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाय थांबले.

मसाजीला शेवटची आंघोळ घालताना प्रभूने त्याचे तळवे धुतले. ते बर्फासारखे गार होते आणि भेगांमध्ये ओली काळी माती भरली होती. आपली माती नव्हे. आपली वाळली की फुटते, ही भुसभुशीत होती. त्या मातीत हिरव्या, बोटभर लांबीच्या सुया अडकल्या होत्या. अमृतराव म्हणाला, बाभळीचा काटा असेल. प्रभूने एक सुई बोटांत धरून वाकवली. ती मोडली नाही. ते पान होतं. तसलं झाड त्याने एकाच ठिकाणी पाहिलं होतं, एरिकच्या दारातल्या फोटोत.

त्याने सगळ्या सुया वेचून चुलीत टाकल्या.

मेंढरं विकली. कॉम्प्युटर विकले. फोनची वायर भिंतीतून उपटून काढली. फोरमवर तो पुन्हा गेला नाही. एका बीबियाणांच्या दुकानात त्याला बिलं लिहायची नोकरी मिळाली, हाताने. सिंधूबाई वर्षभरात गेली. तिने शेवटपर्यंत पोराला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे प्रभूला दोष द्यायला एकच माणूस उरला, तो स्वतः, आणि दोष त्याने पुरेपूर दिला. रात्री झोप लागेना तेव्हा तो हिशेब न करता एवढंच म्हणायचा, गेलं ते गेलं, आता कुणी राहिलं नाही, आता वाजवा काय वाजवायचं ते.

तीन वर्षं झाली. सुकन्या चार वर्षांची झाली. तिला आजोबा आठवत नव्हते, आणि घरात कुणी त्यांचं नाव काढत नव्हतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी प्रभू तिला बरोबर घेऊन गेला. मोबाइल आता सेनगावातही आले होते. हरिचंद नावाच्या एकाने मेंढरांच्या बाजाराला लागूनच दुकान टाकलं होतं आणि तो लोकांना फोनमध्ये गाणी, आरत्या, भुंकणारी कुत्री असलं काय काय भरून द्यायचा. प्रभू मिरच्या बघत होता. सुकन्या त्याचं बोट धरून उभी होती.

हरिचंदच्या गल्ल्यावरचा फोन वाजला.

आवाज आधी खाली होता. मग चढत गेला. वर पोचून मोडला. एकवीस सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून.

बाजारातली मेंढरं उभी राहिली. बसलेली, निजलेली, पाय बांधलेली, सगळी. तोंडं एका दिशेला. बघून लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "हरिचंद, पुन्यांदा वाजव." हरिचंदने हसत हसत पुन्हा वाजवला.

प्रभू डोळे मिटून उभा राहिला. त्याने आपल्या पायांचा अंदाज घेतला. ते जागेवर होते. मान जागेवर होती. त्याला कुणी बोलावत नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने पोटभर श्वास घेतला. हाळी त्याला कुणी शिकवलीच नव्हती, तो त्या कळपातला नव्हताच. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

हरिचंदने तिसऱ्यांदा वाजवला.

बोटाला ओढ लागली. लेकराची ओढ झटक्याझटक्याची असते. ही एकसारखी होती, संथ.

प्रभूने डोळे उघडले आणि खाली पाहिलं. सुकन्याचं तोंड रिसोडच्या अंगाला होतं. तिने आपल्या चपला काढून मोकळ्या हातात घेतल्या होत्या, लांबच्या वाटेला निघालेली माणसं त्या झिजू नयेत म्हणून घेतात तशा.